ठाणाचा ओला कोपरा

शीळ ऐकू आली आणि इतका वेळ अडून बसलेली औलिसची लघवी एकदम सुटली. हेलसिंकीतल्या त्या कचेरीच्या चौथ्या मजल्यावर, लख्ख पांढऱ्या फरश्यांच्या मुतारीत तो पाचेक मिनिटं नुसताच उभा होता. सकाळपासून तीन कप कॉफी पोटात होती, पण टाय लावलेल्या माणसांच्या इमारतीत त्याचं शरीर हट्टी तट्टासारखं पाय रोवून बसलं होतं. तेवढ्यात एक उंच, पांढऱ्या केसांचा गृहस्थ शेजारी येऊन उभा राहिला आणि त्याने ओठांचा चंबू करून अगदी हलकी, दोनच सुरांची शीळ घातली. एक सूर वर जाणारा, एक खाली येणारा. गृहस्थाने ती मुद्दाम घातली नव्हती, आपसूक आली होती. पण त्रेसष्ट वर्षांच्या औलिसने ती ऐकली आणि त्याच्या पाठीपासून पोटऱ्यांपर्यंत सगळं ढिलं पडलं. चाळीस वर्षं हीच शीळ त्याने स्वतः घातली होती. शर्यत जिंकलेल्या घोड्याला तपासणीच्या ठाणात न्यायचं, दोर हातात धरून उभं राहायचं, आणि लांब दांडीला लावलेलं भांडं घेऊन पशुवैद्य वाकला की शीळ घालायची. शिंगरू असल्यापासून ही सवय लावावी लागते. ते आपल्या ठाणात आपणहून धार सोडतं तेव्हा दर वेळी शेजारी उभं राहून शीळ घालत राहायचं. वर्षभराने शीळ आधी होते आणि धार मागून येते. आपण घोड्यांना शिकवत होतो की स्वतः शिकत होतो, असं औलिसला वाटलं, आणि तो घाबरला.

"जुनी खोड," गृहस्थ ओशाळं हसत म्हणाला. "वीस वर्षं मैदानावर घोड्यांचे नमुने घ्यायचो. आता घरी नातवंडं चिडवतात, आजोबा संडासात गाणी म्हणतात."

"शीळ चांगली आहे," औलिस म्हणाला. "खालचा सूर जरा लांबवलात तर घोड्या लवकर ऐकतात."

"अरे वा! म्हणजे तुम्ही घोड्यांतले."

"मोतद्दार."

"कुणाकडे?"

"इर्याकडे. बाहेर बाकावर बसलीये ती."

गृहस्थाचं हसू विझलं. त्याने घाईने कपडे नीट केले. "मग आपण इथे बोलायला नको," तो नळाशी जाऊन म्हणाला. "आजच्या चौकशीचा अध्यक्ष मीच आहे. गैरसमज नको. जे काय असेल ते आत सांगा." आणि हात कोरडे न करताच तो निघून गेला.

जे काय असेल ते. ते काय होतं हे औलिसला पक्कं ठाऊक होतं. ते चार शब्दांत मावत होतं आणि ते चार शब्द तीन महिने त्याच्या जिभेवर होते: मी तिथे लघवी केली. खरं तर तो स्वतःशी असं म्हणत नसे. तबेल्यात लघवी कुणी म्हणत नाही, मुतणं म्हणतात. पण आज गाडीत येताना सबंध रस्ताभर त्याने टाय लावलेल्या माणसांसाठी शब्द साफसूफ करून ठेवला होता. नळाखाली हात धरून तो उभा राहिला. पाणी आपोआप सुरू होत होतं, आपोआप थांबत होतं. आत्ता, या मुतारीत, दोन माणसं शेजारी शेजारी उभी असताना, ते वाक्य किती सोपं झालं असतं! तो म्हणाला असता, साहेब, तुमचा पण हाच धंदा होता, ऐका. आणि तो माणूस हसला असता. पण वेळ निघून गेल्यावर सोपी वाटणारी वाक्यं औलिसकडे आयुष्यभर भरपूर होती. वेळेवर मात्र तो तोंडात मूग धरून बसायचा.

ठाणात मुतायला त्याला तौनोने शिकवलं होतं. तौनो म्हणजे औलिसचा पहिला मालक. पक्का खेडवळ, तोंडात सदा तंबाखूचा गोळा. एकोणिसाव्या वर्षी औलिस त्याच्याकडे लागला. तौनो सांगायचा, परक्या गावी शर्यतीला गेलं की घोड्याला परकं ठाण मिळतं. आधी तिथे दहा घोडे राहून गेलेले असतात, त्यांचा वास भिंतींत मुरलेला असतो. घोडा बावरतो, कान टवकारून उभा राहतो, खात नाही, धार सोडत नाही, आणि तुंबलेला घोडा नीट दुडकी चालत नाही. मध्येच चाल मोडून चौखूर उधळतो, आणि गाडी ओढत दुडक्या चालीने धावायच्या या शर्यतीत उधळला की बाद. म्हणून मोतद्दाराने आधी आत जायचं आणि कोपरा ओला करायचा. घोड्याला ओळखीचा वास येतो. त्याला कळतं, आपला माणूस इथे आहे, म्हणजे हे घर आहे. "आईबापांनी नाव दिलं असेल तुला," तौनो म्हणायचा, "घोड्याच्या लेखी तू म्हणजे तुझा वास." औलिसला हे लाजिरवाणं वाटलं होतं आणि मग खूप आवडलं होतं. बायको नाही, मूल नाही. पण कुठल्याही गावातल्या कुठल्याही ठाणात एखादा घोडा नाक खाली घालून फुरफुरायचा आणि निवांत व्हायचा, ते त्याच्यामुळे. इर्याला हे असलं काही खपत नसे. तिच्याकडे आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिने त्याला रंगेहाथ पकडलं होतं आणि तबेल्याच्या दारावर पाटी लावली होती: संडास शंभर पावलांवर आहे, माणसांनी तिथे जावं. घरच्या तबेल्यात त्याने ते सोळा वर्षं पाळलं. बाहेरगावी मात्र, इर्या कागदपत्रं करायला गेली की, तो दार लोटून कोपऱ्यात उभा राहायचा. जित्याची खोड.

उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या त्या सणाच्या शर्यतीला काइस्ला अशीच बावरलेली होती. चॉकलेटी रंगाची, पांढऱ्या आयाळीची नऊ वर्षांची घोडी. औलिसने तिला आईच्या पोटातून ओढून काढलेलं. कोपरा ओला केल्यावर ती शांत झाली. तिची एक तऱ्हा होती, परक्या जागी ती जाळीतलं गवत खात नसे, जमिनीवरचंच खाई. म्हणून त्याने मूठ मूठ गवत खाली सोडलं आणि ती कोपऱ्यात मान घालून खाऊ लागली. कुडुम कुडुम आवाज येत होता. तो दारात बादली पालथी घालून बसला होता, उघड्या दारातून ऊन त्याच्या गुडघ्यांवर आलं होतं, आणि पाठ दुखत नव्हती. हेच ते. पाठ दुखत नव्हती, कारण सकाळी त्याने दोन गोळ्या घेतल्या होत्या. मार्चमध्ये एका शिंगराने त्याला भिंतीवर दाबलं होतं आणि तेव्हापासून वाकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. डॉक्टरकडे तो गेला नाही. मेलेल्या भावाच्या कपाटात उरलेलं गोळ्यांचं पाकीट वहिनीने दिलं, तेच तो पुरवून पुरवून खात होता. इर्याला सांगायची सोय नव्हती. वसंतात एकदा कॉफी पिताना ती म्हणाली होती, "मोतद्दाराची पाठ गेली की मोतद्दार गेला. मला सहा घोड्यांची उस्तवार पुरे आहे, सातवा नको." ती थट्टेत म्हणाली होती. पण तिच्या तबेल्याच्या माडीवरची एक खोली, तिथलं पलंगासारखं फळकूट आणि खिडकीतून दिसणारं तळं एवढंच औलिसचं जग होतं. जगाबद्दल कुणी थट्टा केली तर ती थट्टा म्हणून ऐकता येत नाही.

काइस्ला जिंकली. शेवटच्या वळणावर इर्याने चाबूक मांडीखाली सरकवून टाकला, नुसत्या लगामावर, दोन चाकांच्या त्या एवढ्याशा गाडीत मागे रेलून ती आली. अडुसष्टाव्या वर्षी तिचं तोंड लहान मुलीसारखं लाल झालं होतं. तपासणीच्या ठाणात औलिसनेच शीळ घातली. काइस्लाने लगेच पाय फाकवले. पशुवैद्य हसून म्हणाला, "याला म्हणतात शिकवलेली घोडी." दोन बाटल्या भरल्या, लाखेसारखी टिकली लावून बंद झाल्या, आणि साक्षीदार म्हणून खाली औलिसने सही केली. आपल्याच हाताने. शीळ त्याची, सही त्याची, गोळी त्याची.

शर्यतींच्या कचेरीचं पत्र आलं ते जुलैच्या शेवटी. इर्याने स्वयंपाकघरात उभ्यानेच ते वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. टेबलावर वेलदोड्याचा पाव होता, कापलेला. घोडीच्या लघवीत माणसांच्या दुखण्यावरचं औषध सापडलं होतं आणि त्याचं नाव तिने अडखळत, अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचलं. तेच नाव त्या क्षणी औलिसच्या विजारीच्या खिशात पाकिटावर छापलेलं होतं, मांडीला टोचत होतं. त्याला सगळं एकदम कळलं. कोपरा, गवत, कुडुम कुडुम. आणि त्याने विचारलं, "हे काय असतं?"

एवढंच. कुणी छातीला पिस्तूल लावलं नव्हतं. इर्या म्हणाली, "मला तरी काय माहीत? या घरात माणसांना साधी सर्दीची गोळीसुद्धा मिळत नाही." आणि तिने त्याच्या कपात कॉफी ओतली. औलिसला नंतर रात्रंदिवस वाटत राहिलं की ते खोटं फार लहान होतं, पायातून काढून टाकता आलं असतं अशा कुसळाएवढं. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर एका दिवसाचं खोटं. तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं. पत्रात खाली स्पष्ट लिहिलं होतं, औषध अपघाताने पोटात गेल्याचं कुणी पटवून दिलं तर शिक्षा नाममात्र होईल. मुद्दाम दिलं असेल तर दोन वर्षं बंदी. दोन वर्षं म्हणजे इर्याचा तबेला बंद, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. औलिस रोज सकाळी ठरवून खाली यायचा की आज सांगतो. मग इर्या म्हणायची, "बघ रे, चारा देणाऱ्याने काही भेसळ केली असेल का?" आणि दोघं मिळून चाऱ्याची पोती तपासायचे. ती प्रामाणिकपणे आणि तो तिच्याइतक्याच काळजीने, हात घालून, वास घेऊन. चोर चोराला शोधायला गेला तर जेवढा मन लावून शोधेल तेवढा. एका शनिवारी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवताना त्याने पाकीट भट्टीत टाकलं आणि निखाऱ्यांवर ते चुरगळताना पाहिलं. त्या दिवशी वाफेत बसल्यावर त्याला रडू आलं. सौनात रडण्याची एक सोय असते, सगळेच ओले असतात.

त्याला शरम कशाची होती? गोळीची? खोटं बोलल्याची? ती तर होतीच. पण मुळाशी एक फार हास्यास्पद शरम होती, की इर्यासमोर, तिच्या दारावरच्या सोळा वर्षं जुन्या पाटीसमोर, हे वाक्य म्हणावं लागेल. लोक हसतील. मैदानावरच्या कॅन्टीनमध्ये त्याला बघून शिळा घालतील. एका माणसाचं उभं आयुष्य वाहून चाललंय आणि आपण हसू होईल म्हणून गप्प आहोत, हे त्याला दिसत होतं, आणि दिसत असूनही तो गप्पच होता. याहून नीच काही असतं का? औलिसला ते ठाऊक नव्हतं.

पण आज शिळेने काहीतरी सुटलं होतं. तो मुतारीतून बाहेर आला तेव्हा त्याचं ठरलं होतं. बाक रिकामा होता. इर्याला आत बोलावलं होतं; तिचा सणासुदीचा कोट तेवढा बाकावर घडी घालून ठेवला होता. त्याला साक्षीदार म्हणून नंतर बोलावणार होते. तो कोटाशेजारी बसला आणि वाक्य घोटत राहिला. दारामागून आवाज येत नव्हता. भिंतीवर घोड्यांचे जुने फोटो होते, सगळे फेसाळलेले, सगळे जिंकलेले. दहाच मिनिटांत दार उघडलं आणि इर्या बाहेर आली.

"झालं. चल," ती म्हणाली.

"अगं पण मला बोलवायचंय ना?"

"गरज नाही त्यांना. कोट दे माझा."

मागच्या आवारात घोडे वाहून न्यायची मोटार उभी होती, आज रिकामी. झाडांची पानं पिवळी पडून काचेवर चिकटली होती. इर्या स्टिअरिंगमागे बसली, पण किल्ली लावली नाही. थर्मासमधून झाकणात कॉफी ओतून तिने त्याच्यापुढे धरली.

"मी सांगून टाकलं. म्हटलं, मीच दिलं. जिंकायचं होतं म्हणून दिलं."

औलिस वळून तिच्याकडे बघू लागला.

"बघू नकोस असा," इर्या म्हणाली. "जबाबदारी तशीही माझीच असते, घोडी माझ्या नावावर. मग दोघांनी कशाला बुडायचं? तुझा परवाना गेला तर तू जाणार कुठे? ऑगस्टमध्ये तुला वाकता येईना, म्हणून सौनाची राख मी काढली. त्यात गोळ्यांच्या पाकिटाची चांदी होती. आगीत अक्षरं पुरती जात नाहीत रे."

"तू... तेव्हापासून..."

"वसंतात मी म्हटलं होतं ना, या उन्हाळ्यात काइस्ला जिंकली नाही तर विकते आणि कुलूप लावते. तू ते मनाला लावून घेतलंस. गाढवा, मला विचारायचंस तरी! पण माझ्यासाठी केलंस, ते कळतं मला. इतका इमानी माणूस मला नवऱ्यातसुद्धा मिळाला नाही." ती समोर बघत होती. "ओउलू गावचा एकजण काइस्लाला न्यायला तयार आहे. माणूस बरा आहे. बाकीच्यांचं बघू."

तिला वाटत होतं, त्याने घोडीला मुद्दाम औषध घातलं. तिच्या प्रेमापोटी. आणि आता मात्र औलिसला जे झालं त्याची त्याला जन्मभर शरम वाटणार होती: त्याला क्षणभर बरं वाटलं. छाती भरून आली. कुणासाठी तरी गुन्हा करणारा माणूस! तबेल्यातल्या माडीवर हे घेऊन उरलेलं आयुष्य काढता आलं असतं. गप्प बसायचं, बस्स. आणि गप्प बसणं त्याला येत होतं. त्याने कॉफीचा एक घोट घेतला. ती कोमट होती. आणि मग त्याच्या डोळ्यांपुढे काइस्लाचं ओउलूचं ठाण आलं, परकं, दहा घोड्यांच्या वासाचं. तिथे ती मान खाली घालून कोपरा हुंगणार आणि तिला कुणीच सापडणार नाही.

"मी मुतलो तिथे," तो म्हणाला.

"काय?"

"तिच्या ठाणात. कोपऱ्यात. मी त्या गोळ्या खात होतो, पाठीसाठी. दिल्या नाहीत गं कुणाला. मी मुतलो आणि तिने ते गवत खाल्लं. तेवढंच झालं."

इर्या त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या गळ्यातून एक आवाज निघाला आणि ती हसायला लागली. स्टिअरिंगवर कपाळ टेकून, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पाटी!" ती म्हणत होती. "अरे देवा, पाटी लावली होती मी! शंभर पावलं!" औलिसलाही हसू फुटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला वाटलं की आता सगळं ठीक होईल. हसण्यावारी तर गेलं. इर्याने बाहीने डोळे पुसले, एक मोठा श्वास घेतला आणि त्याच्याकडे वळली.

"हे तुला कधी कळलं?"

त्याने उरलेली कॉफी संपवून झाकण थर्मासवर बसवलं.

"पत्र वाचलं तेव्हा?"

त्याने मान डोलावली.

"म्हणजे आपण ती पोती उसवत होतो तेव्हा," इर्या हळू म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसण्याचं पाणी अजून होतं, पण चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी झाला होता. "वर जा. कचेरी चारला बंद होते. तोंडाने जाऊन सांग. मी येणार नाही."

जिना चढताना पाठीत कळ आली. ती त्याला हवीशी वाटली. अध्यक्ष कोट घालून दारातच उभा होता. औलिसने घोटलेलं सगळं वाक्य विसरून, मुतलो असंच म्हटलं. टेबलामागच्या बाईने मान वर केली. अध्यक्षाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एकदाही न हसता.

"गोळ्यांची डॉक्टरची चिठ्ठी?"

"नाही. भावाच्या होत्या."

"पाकीट?"

"जाळलं."

"आणि इर्याबाईंनी कबुली दिल्यावर अर्ध्या तासात तुम्हाला हे आठवलं."

"आठवलं नाही, साहेब. माहीत होतं. मघाशी मुतारीत तुम्ही शीळ घातलीत तेव्हाच सांगणार होतो."

अध्यक्षाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात उबदार होता. "तीस दिवसांत लेखी अर्ज करता येतो, करा. पण पुराव्याशिवाय काही होणार नाही, खोटी आशा लावत नाही. वीस वर्षं बघत आलोय मी. मालकीण अडकली की मोतद्दार धावत येतो आणि सगळं आपल्या अंगावर घेतो. नियमात बसत नाही, पण बघून बरं वाटतं. तुमच्यासारखी इमानी माणसं आता राहिली नाहीत." आणि त्याने औलिससाठी लिफ्टचं बटण दाबलं.

खाली गाडीचं इंजिन सुरू होतं. औलिस चढून बसला, दार दोनदा ओढल्यावर लागलं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

औलिसने पट्टा लावला. तो नीट लागलाय का हे त्याने उगाच ओढून पाहिलं. "म्हणाले, तुमच्यासारखी इमानी माणसं आता राहिली नाहीत."

इर्याने काचेवरची पानं सारायला पुसणी चालू केली. ती चार वेळा इकडून तिकडे गेली, काच स्वच्छ झाली, तरी चालूच राहिली.

"हो," ती म्हणाली. "आज दुपारपर्यंत मीही तेच म्हणत होते."